'छिंगचन' हा 'हलाल'चा अपभ्रंश आहे का?

प्रश्न असा : चीनमधल्या शीआन शहराच्या मुस्लिम मोहल्ल्यात खानावळींवर 'छिंगचन' अशी पाटी दिसते. ही चिनी जिभेने केलेली 'हलाल'ची मोडतोड आहे का?

नाही. छिंग म्हणजे निर्मळ, चन म्हणजे खरं. शब्द अस्सल चिनी, आठव्या शतकातला कवी ली बाई याच्या कवितेतसुद्धा सापडतो. मुसलमानांनी तो उचलला, मशिदीला 'छिंगचन-स' ('स' म्हणजे मंदिर) म्हणू लागले आणि मग तो खाण्यापिण्यालाही चिकटला. गंमत म्हणजे चीनमधल्याच काइफंग शहरातल्या ज्यूंच्या १४८९ सालच्या शिलालेखात त्यांच्या प्रार्थनामंदिराचं नावही हेच आहे!

चिनी लिपीत नुसता ध्वनी लिहिता येत नाही, प्रत्येक अक्षरामागून अर्थ येतोच. त्यामुळे चीनमधल्या मुस्लिम पंडितांनी अर्थाचीच वाट धरली. अल्ला झाला 'चनचू', म्हणजे खरा धनी. सतराव्या शतकात वांग ताय-यूने आणि पुढे ल्यू चीने कन्फ्यूशियसच्या परिभाषेत इस्लाम मांडला. ही झाली ग्रंथांतली भाषा.

घरातली भाषा वेगळी, आणि ती मराठी कानाला चक्क ओळखीची वाटते. नमाज 'नायमात्स', खुदा 'हूता', दोस्त 'तुओस्ती'. मौलवीला म्हणतात 'आहुंग', मूळ फारसी आखुंद. अजान म्हणजे 'पांगख', आपली बांगच ती! (आपल्याकडे ती कोंबडाही देतो.) चिनीत ब, द घोष नसल्याने ते प, त असे ऐकू येतात, एवढंच. अरबीऐवजी फारसी का? मध्य आशियातून, विशेषतः मंगोलांच्या काळात, चीनला आलेल्या मुसलमानांची व्यवहाराची भाषा फारसी होती. आपल्याकडेही हे शब्द फारसीतूनच आले.

आडनावांत 'मा' सगळ्यांत जास्त. अक्षराचा अर्थ घोडा, पण घोड्याशी देणंघेणं नाही. मुहम्मदमधला 'मु' किंवा 'म' ऐकून ते जोडलं गेलं, असं मानतात. पंधराव्या शतकातला प्रसिद्ध चिनी दर्यावर्दी चंग ह, त्याचं मूळ नाव 'मा ह'. त्याचे वडील 'मा हाची' म्हणून ओळखले जात, कारण ते हाजी होते.

मला स्वतःला सगळ्यांत आवडतो तो मरणाचा शब्द. हुई, म्हणजे चिनी बोलणाऱ्या मुसलमानांत कुणी गेलं की 'मेला' म्हणत नाहीत, 'क्वेइचन' म्हणतात : खऱ्याकडे परतला. छिंगचनमधलाच हा चन. बोलताना कित्येकदा 'वूछांग' म्हणतात, आणि तो तर बौद्धांचा 'अनित्य'!

राहिली पाटी. तिच्यावर चिनी अक्षरांशेजारी अरबी लिपीत जे लिहिलेलं असायचं, ते मात्र खरोखर 'हलाल'. २०१९ मध्ये बीजिंगच्या खानावळींना ते काढायला किंवा झाकायला लावलं. काहींनी त्या जागी 'छिंगचन' लिहिलं.