इग्बो गावात लाडकी लेक लग्नानंतर परकी होते का?

तुम्ही विचारलंय की नायजेरियातल्या इग्बो लोकांत मुलीचे फार लाड होतात असं ऐकलं, मग लग्न होऊन गेल्यावर तिचं घरच्यांशी नातं कितपत उरतं?

नवऱ्याच्या नोकरीमुळे मी आग्नेय नायजेरियातल्या एनुगू शहरात सहा वर्षं राहिले. शेजारीण इग्बो, तिच्या घरची थोरली लेक. नसुक्काजवळच्या तिच्या माहेरी मी तिच्याबरोबर बरेचदा गेले, त्यावरून सांगते. नातं तुटत तर नाहीच, उलट लेक वयानं वाढत जाते तसा माहेरी तिच्या शब्दाला मान वाढत जातो.

थोरल्या लेकीला 'आडा' म्हणतात. हे नुसतं लाडाचं नाव नाही, तो घरातला मान आहे. मुलींच्या नावांतूनही माया कळते. शेजारणीच्या भावाच्या दोन वर्षांच्या मुलीचं नाव न्नेन्ना, म्हणजे 'वडिलांची आई'. आजी गेल्यानंतर जन्मलेली, म्हणून आजीच परत आली अशी सगळ्यांची श्रद्धा. आपल्याकडेही आजी नातीच्या रूपात आली असं म्हणतातच की. तो दांडगा माणूस एवढ्याशा पोरीला 'न्ने', म्हणजे 'आई' म्हणून हाक मारायचा. तिनं ओक्पाचा घास (बांबारा नावाच्या, शेंगदाण्यासारख्या दाण्यांच्या पिठाचं ते वाफवलेलं पिवळं खाणं) त्याच्या पांढऱ्या सदऱ्याला पुसला, तर हा तिचीच बोटं पुसत बसला.

शेजारणीच्या धाकट्या बहिणीचं लग्न मी डोळ्यांनी पाहिलंय. वडील पाम वाइनचा पेला भरून लेकीच्या हातात देतात. तिनं गर्दीतून नवरा शोधायचा. बाकीचे पुरुष मुद्दाम 'इकडे ये, मला दे' म्हणून हाका मारतात. ती हसत हसत पुढे जाते, नवऱ्यासमोर गुडघे टेकते, एक घोट घेऊन पेला त्याला देते. मग दोघं वडिलांसमोर आशीर्वादाला येतात. त्या दिवशी ती पेला घेऊन वळली तेव्हा मी तिच्या वडिलांकडे बघत होते. लेक गर्दीत दिसेनाशी झाली तरी त्यांचा हात तसाच पुढे धरलेला होता.

बाळंतपणाला मात्र आपल्या उलट रीत. लेक माहेरी जात नाही, आईच लेकीच्या घरी येते. याला 'ओमुग्वो' म्हणतात. शेजारणीची आई वाळवलेली मासळी, उताझीची कडू पानं आणि मिरीसारखा उझिझा बांधून घेऊन आली. रोज सकाळी कढत पाण्यात फडकं पिळून लेकीचं पोट शेकायची, तिखट सूप समोर बसून प्यायला लावायची, बाळाला न्हाऊ घालायची. लेकीनं फक्त झोपायचं. तीन महिन्यांनी आई निघाली तेव्हा जावयानं कापडं, साबण, मीठ असं गाडीभर सामान दिलं. ते द्यावंच लागतं, नाहीतर गावात नाव जातं.

लेकीच्या मुलांना आजोळी वेगळाच मान. अशा मुलाला 'न्वादियाना' म्हणतात आणि मामाच्या घरी त्याच्यावर सहसा कुणी हात उचलत नाही.

पण खरी ताकद दिसते ती 'उमुआडा'मध्ये, म्हणजे त्या कुळात जन्मलेल्या सगळ्या लेकी. कुठेही दिलेल्या असोत, माहेरच्या मयताला त्या एकत्र येतात, अंगणात मुक्काम करतात, गातात, आणि भावांनी त्यांचं खाणंपिणं नीट करायचं असतं. शेजारणीचे वडील गेले तेव्हा तिचे दोन भाऊ वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते. उमुआडांमधली सगळ्यात वयस्क लेक, पिकल्या केसांची, काठी टेकत आली आणि दोघांना समोर बसवून म्हणाली, बोलत नाही तोवर आम्ही रडणार नाही. ज्या घरी उमुआडा रडत नाहीत, त्या घराची लाज जाते. संध्याकाळी दोघे एका ताटात जेवले.

एक गोष्ट मात्र मला आजही टोचते, आणि ती लपवली तर उत्तर अर्धं राहील. एवढ्या लाडक्या लेकीला रूढीप्रमाणे बापाच्या जमिनीत वाटा नसतो. वडिलांचं मुख्य घर, म्हणजे 'ओबी', थोरल्या मुलाचं. नायजेरियाच्या सर्वोच्च न्यायालयानं 2014 साली मुलींना वारसा नाकारणारी इग्बो रूढी घटनाविरोधी ठरवली. तरी भावांवर दावा लावून त्याच अंगणात पुन्हा पाय ठेवायचा म्हणजे बाईला किती जड जात असेल! मी शेजारणीला विचारलं होतं. ती म्हणाली, "जमीन मागेन तर भाऊ जाईल. माझ्या मुलीनं मात्र मागावी."

वडिलांच्या मयताहून परत निघालो तेव्हा दोन्ही भावांनी आमच्या गाडीत सुरणासारखे मोठे याम भरले. ती गाडीत बसली नव्हती. वडिलांना तिथल्या रीतीप्रमाणे अंगणातच पुरलं होतं. वाकून त्या ओल्या मातीवर पडलेली पानं ती एकेक करून उचलत होती.