तुमचे प्रश्न : बाराखडी पाठ आहे, पण वाचता येत नाही

लहान मुलांच्या वाचनाबद्दल या वेळी खूप पत्रं आणि मेल आलेत. सगळ्यांना इथे उत्तर देणं शक्य नाही, म्हणून चार प्रश्न घेतलेत, बाकीच्या बऱ्याच जणांना यातच उत्तर सापडेल.

प्रश्न : माझा मुलगा पहिलीत आहे. बाराखडी घडाघडा म्हणतो, वहीत पानंच्या पानं गिरवतो, पण पुस्तकात "कप" दिसलं की "कमळ, पतंग" असं वाचतो. टीचर म्हणतात घरी प्रॅक्टिस घ्या. रोज संध्याकाळी घेऊन बसते आणि शेवटी आम्ही दोघंही रडकुंडीला येतो. काय चुकतंय?
— एक आई, चिंचवड

उत्तर : ताई, आधी एक सांगते, मुलाचं काहीच चुकत नाहीये. "क कमळाचा" हे इतक्या वेळा कानावर पडलंय की क दिसला की त्याला कमळच आठवणार ना, जे शिकवलं तेच तो बिचारा मनापासून करतोय. त्यामुळे कमळ, पतंग आता बाजूला ठेवा, अक्षर दाखवलं की नुसता त्याचा आवाज, क म्हणजे क, प म्हणजे प. आणि "क ला काना का" असंही म्हणायला लावू नका, सरळ "का" म्हणू दे, कारण प्रत्येक अक्षराला एवढं सगळं म्हणत बसलं की शब्दाच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात डोक्यातून गेलेली असते.

दुसरं म्हणजे क पासून ज्ञ पर्यंत सगळं पाठ झाल्यावर मग शब्द, हा क्रमच मला पटत नाही. थोडी अक्षरं घ्या आणि लगेच कामाला लावा. क, म, र, ल ही चार अक्षरं आणि काना, बास. एवढ्यात काका, मामा, लाल, मला, मका, काम, कमाल असे कितीतरी शब्द होतात, आणि "काका, काम करा" हे अख्खं वाक्य होतं! मुलाने असं वाक्य स्वतःचं स्वतः वाचलं की त्याचा चेहरा बघा, अक्षरांचा अर्थाशी संबंध असतो हे त्याला तिथे पहिल्यांदा कळतं. ही मंडळी पक्की झाली की ब, स, न, त आणा, दुसरी वेलांटी आणा. अक्षरं अशी गटागटाने, काना-मात्रांसकट शिकवायची ही पद्धत नवीन नाही, फलटणला शिक्षणतज्ज्ञ मॅक्सिन बर्नसन यांनी मराठी वाचन शिकवण्यावर वर्षानुवर्षं काम केलंय ते याच दिशेचं.

पहिली वेलांटी जरा उशिरा घ्या. "कि" मध्ये वेलांटी आधी दिसते आणि आवाज मात्र नंतर येतो, डावीकडून उजवीकडे नुकतंच वाचायला शिकणाऱ्या मुलाचा तिथे गोंधळ होतोच. रफाराचंही तेच, "गर्दी" मधला र बोलायचा आधी पण दिसतो दी च्या डोक्यावर, तो तर खूपच नंतरचा विषय. आणि भ-म, घ-ध, थ-य या जोड्या एकाच आठवड्यात शिकवू नका, एक नीट पक्कं झालं की मगच दुसरं.

गिरवणं सध्या पूर्ण बंद करा असं मी स्पष्टच म्हणेन. हात दुखतो, कंटाळा येतो आणि वाचायला त्याची फारशी मदत होत नाही. दहा-पंधरा मिनिटं अक्षरांचा खेळ पुरे, तो रडायच्या आत थांबायचं. मात्र रात्री झोपताना तुम्ही त्याला पुस्तक वाचून दाखवायचं, तेव्हा "हे काय लिहिलंय सांग" असली परीक्षा अजिबात नको. एकदा डोळे आणि कान तपासून घ्या, फळ्यावरचं धूसर दिसतंय हे सहा वर्षांच्या मुलाला स्वतःहून सांगता येत नाही.

प्रश्न : सून-मुलगा दोघंही कामाला जातात, नात माझ्याजवळ असते, पाच वर्षांची आहे. माझी शाळा दुसरीतच सुटली, मला अडखळत वाचता येतं. शेजारच्या बाई म्हणतात तिला क्लास लावा. मी तिच्यासाठी काही करू शकते का? (हे पत्र आजींनी सांगितलं आणि मुलाने लिहिलं.)
— एक आजी, कराड

उत्तर : आजी, पाच वर्षांच्या मुलीला क्लास नको, तिला तुम्ही हव्यात, आणि हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये. वाचायला लागल्यावर मूल जे शब्द ओळखतं ते आधी कानावर पडलेले असावे लागतात. ज्या मुलीने सूप, उखळ, पन्हाळ, माळवद हे शब्द तुमच्या तोंडून ऐकलेत तिला ते पुस्तकात भेटले की अडणार नाही. म्हणून रोज गोष्ट सांगा, चिमणीचं घर मेणाचं, कावळ्याचं घर शेणाचं, तीच गोष्ट तिने पुन्हा मागितली तर पुन्हा सांगा. मध्येच थांबून "मग कावळा काय म्हणाला असेल?" असं विचारा आणि तिला सांगू द्या, चुकीचं सांगितलं तरी चालेल.

चित्रांचं पुस्तक समोर धरून नुसत्या चित्रांवर गप्पा मारल्या तरी ते वाचनच आहे. आणि एक करा, ती दिवसभरात काहीतरी बोलते ना, "मांजरीने आजीचं दूध सांडलं" वगैरे, ते तिचं वाक्य तुमच्या मुलाला संध्याकाळी मोठ्या अक्षरात कागदावर लिहायला सांगा आणि भिंतीवर लावा. आपलंच बोलणं तिथे लिहिलंय हे माहीत असल्यामुळे ती बोट ठेवून ते वाचेल, आधी आठवणीने आणि हळूहळू खरोखर. तुम्हीही तिच्याबरोबर वाचा, अडखळत का होईना. मोठं माणूससुद्धा थांबून अक्षर जुळवतं हे मुलांना दिसलेलं फार चांगलं.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत दुसरीला शिकवते. मुलांच्या घरी पावरी (इथल्या पावरा आदिवासींची भाषा) बोलतात. निपुणचं (सरकारच्या वाचन-गणिताच्या मोहिमेचं) टार्गेट आहे, मुलं उतारा वाचून दाखवतात पण काय वाचलं विचारलं की गप्प. वर्गात गोष्टीची पुस्तकं आहेत पण ती फाटली तर भरून द्यावी लागतील म्हणून कपाटात आहेत.
— एक शिक्षिका, नंदुरबार जिल्हा

उत्तर : तुमचं निरीक्षण एकदम बरोबर आहे आणि ते तुम्ही लपवलं नाहीत याचं मला खूप कौतुक वाटतं. निपुण भारत 5 जुलै 2021 ला सुरू झालं, तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि हे 2026-27 पर्यंत व्हावं असं ते उद्दिष्ट. यातला "समजून" हा भाग धावपळीत राहून जातो. असर 2024 या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीप्रमाणे देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी 23.4 टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता, म्हणजे हा प्रश्न तुमच्या एका वर्गाचा नाही.

मुलं गप्प बसतात कारण उत्तर मराठीत द्यायचंय. त्यांना पावरीत सांगू द्या. तुम्हाला पावरी येत नसेल तर वर्गातलाच एखादा मुलगा किंवा गावातली एखादी आई मदतीला घ्या. गोष्ट आधी तोंडी, त्यांच्या भाषेत, मग तीच मराठीत वाचायची, म्हणजे अर्थ आधीच डोक्यात असतो आणि सगळा जोर अक्षरांवर जात नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्येसुद्धा जमेल तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा असंच म्हटलंय, त्यामुळे कोणी विचारलं तर बिनधास्त सांगा. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये आताच्या पालघर जिल्ह्यात बोर्डीला काम सुरू केलं, पुढे जवळच कोसबाडला नेलं, तिथे वारली मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली, गुरं चारणाऱ्या मुलांसाठी कुरणात नेली. मूल जिथे आहे तिथून सुरुवात करायची, भाषेच्या बाबतीतही तेच.

पुस्तकं मात्र उद्याच बाहेर काढा. वर्गात मुलांच्या उंचीला दोरी बांधून त्यावर उघडी टांगा, एका मुलीला आणि एका मुलाला आठवडाभर सांभाळायला द्या. फाटतील तेव्हा डिंक आणि कागदाची पट्टी, चिकटवायचं काम मुलांकडूनच करून घ्या. मुख्याध्यापकांशी बोलून "वापरून फाटली" अशी नोंद करता येते का ते बघा, लहान मुलांची पुस्तकं फाटणारच आणि त्याचे पैसे बाईंच्या पगारातून जावेत हे मला अजिबात मान्य नाही. पुस्तकं कमी पडली तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट मिळतात, पातळीप्रमाणे लावलेल्या आहेत, प्रिंट काढता येते.

प्रश्न : मुलगी इंग्लिश मीडियमला सिनियर केजीत आहे. घरी मराठी वाचायला शिकवलं तर इंग्रजी मागे पडेल का?
— एक बाबा, ठाणे

उत्तर : नाही पडणार. आवाज जोडून शब्द करायचा ही युक्ती एका भाषेत जमली की दुसरीत उपयोगी पडते, आणि मराठीत ती लवकर जमते कारण अक्षर आणि आवाज बहुतेक ठिकाणी एकमेकांना धरून असतात. फक्त दोन्ही लिप्या एकाच बैठकीत नकोत. वर चिंचवडच्या ताईंना सांगितलेली चार अक्षरं आणि काना, तिथूनच सुरू करा. शाळेचा होमवर्क झाल्यावर लगेच नको, जेवणानंतर पाच-दहा मिनिटं, आणि ती दमलेली असेल त्या दिवशी तुम्हीच वाचा आणि तिला ऐकू दे.