मेनिंजायटिसचा कोड लावताना आधी जंतू बघ

हे बघ, चार्टमध्ये मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणांची सूज) दिसलं की लगेच आयसीडी-१०-सीएम, म्हणजे आजारांच्या कोडची अमेरिकन यादी, तिच्यातला जी०३.९ टाकून मोकळं व्हायचं नाही, कारण मेनिंजायटिस कशामुळे झालं ते कुठेच लिहिलेलं नसेल तेव्हाचा तो कोड आहे. आधी जंतू कोणता ते शोध. न्यूमोकोकल असेल तर जी००.१, पण मेनिंगोकोकल निघाला तर जी मध्ये शोधत बसू नकोस, तो ए३९.० ला आहे, टीबीचा ए१७.०, क्रिप्टोकोकल बी४५.१, व्हायरल बरेचसे ए८७ मध्ये पण हर्पिसचा परत वेगळाच, बी००.३. त्यामुळे इंडेक्समधून (आजारांच्या नावांची सूची) सुरुवात कर आणि टॅब्युलरमध्ये (कोडच्या क्रमाने लावलेली यादी) जाऊन एक्सक्लूड्सच्या, म्हणजे त्या कोडखाली काय धरायचं नाही हे सांगणाऱ्या, नोट्स वाच, नवीन लोक नेमकं तेच टाळतात.

स्टॅफचा (स्टॅफिलोकोकस जंतूचा) जी००.३ एकटा सोडायचा नाही, सोबत जंतूचा बी९५ मधला कोड लागतो, एमआरएसए (मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफ ऑरियस) असेल तर बी९५.६२. जी०१, म्हणजे दुसरीकडे कोड होणाऱ्या बॅक्टेरियल आजारातल्या मेनिंजायटिसचा कोड, मात्र कधीच पहिला येत नाही, आधी मूळ आजार.

आता खरी गोची. सीएसएफ (मेंदू आणि मणक्याभोवतीचं पाणी) कल्चरमध्ये न्यूमोकोकस आलाय पण डॉक्टरांनी नुसतं बॅक्टेरियल मेनिंजायटिस लिहिलंय, तर लॅब रिपोर्ट बघून आपणच जी००.१ लावायचा नाही, क्वेरी टाकायची, म्हणजे डॉक्टरांनाच विचारायचं. डॉक्टर वैतागतात, वैतागू देत.

आणि हो, 'प्रोबेबल' किंवा 'सस्पेक्टेड' लिहिलं असेल तर ओपीडीत फक्त लक्षणं कोड कर, ताप आर५०.९, डोकेदुखी आर५१.९. अ‍ॅडमिट पेशंटच्या डिस्चार्जला तसंच लिहिलेलं असेल तर आजार आहे असं धरून कोड करता येतं, अमेरिकन गाइडलाइनमध्ये तसं स्पष्ट आहे, पण एचआयव्हीला ही सवलत नाही, तिथे कन्फर्मच लागतं.