आठच तासांची ड्युटी असूनही एसटीच्या चालकाला डुलकी का लागते?

आठ तास फक्त हिशोबातले. मोटार परिवहन कामगार कायदा, 1961 ने (2025 मध्ये रद्द होऊन त्याच्या जागी नवी कामगार संहिता आली) दिवसाला 8 तास काम ठरवलं, पण मधल्या विश्रांतीसकट ड्युटीचा पसारा 12 तासांपर्यंत चालवून घेतला. शेवटच्या स्टँडवर नुसतं थांबणं 15 मिनिटांपेक्षा कमी असेल तरच कामात धरायचं. तासभर ताटकळलात तर ते बाहेर.

सगळ्यात वाईट मुक्कामी गाडी. त्याच कायद्यात दोन ड्युट्यांमध्ये सलग 9 तास विश्रांती सांगितली होती. रात्री 9 ला पोचून पहाटे साडेपाचला निघणारी गाडी तिथेच अर्धा तास कमी पडते. त्यात जेवण, मग बसच्याच सीटवर डास आणि उकाडा. झोप उरते पाच-सहा तास, तीही तुटक.

पहाटे 2 ते 6 आणि दुपारी 2 ते 4 या वेळा मुळातच धोक्याच्या. ताशी 60 च्या वेगाने 3 सेकंदांची डुलकी म्हणजे 50 मीटर गाडी वाऱ्यावर. खिडकी उघडून किंवा गाणी लावून फार तर काही मिनिटं निघतात. डोळे मिटायला लागले की गाडी सुरक्षित जागी लावा, कॉफी किंवा कडक चहा घ्या आणि लगेच 20 मिनिटं झोपा. कॅफिन चढायला साधारण तेवढाच वेळ लागतो. उठल्यावर पाच मिनिटं पाय मोकळे करून मगच स्टिअरिंग हातात घ्या.