बेळगावात राहून स्वतःची कॉमिक्स काढून जगता येतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: निपाणीत नोकरी, रात्री जागून कॉमिक्स काढणं, आणि आता डोक्यात घोळतंय की सगळं सोडून पुण्याला जावं का. शिवाय विचारलंय की स्वतंत्रपणे कॉमिक्स काढणारा माणूस दिवसभर करतो काय, वाचतो काय आणि खातो काय. मी बेळगावात शहापूरला राहते आणि हेच करते, म्हणून लिहिते. पुण्याला जाऊ नका. निदान पहिली दोन-तीन पुस्तकं हातून होईपर्यंत तरी नको.

खातो काय, ते आधी उरकून टाकू. कॉमिक्सवर माझं घर चालत नाही. घर चालतं लग्नपत्रिकांवर, मुलांच्या पुस्तकांतल्या चित्रांवर, दुकानांच्या पाट्यांवर, आणि शिवजयंतीच्या आधी मंडळांचे पडदे रंगवण्यावर. बेळगावची शिवजयंती तिथीनं, वैशाखात असते आणि चित्ररथांची मिरवणूक पहाटेपर्यंत चालते. एका ट्रॉलीवर अफजलखान, मागच्या ट्रॉलीवर आग्र्याचे पेटारे, मध्ये ढोल-ताशा आणि बराच वेळ नुसताच रिकामा रस्ता. त्या रिकाम्या रस्त्यात प्रतापगडाहून आग्र्याला आपलं आपणच पोचायचं. कॉमिक्सच्या दोन चौकटींमधली पांढरी पट्टी हेच काम करते, आणि हे मी कुठल्या पुस्तकात वाचायच्या आधी आज्जीच्या मांडीवर पेंगत शिकले.

आता ‘स्वतंत्र’ म्हणजे काय ते. काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकाला (नाव राहू दे) चार पानांची गोष्ट दिली होती. त्यात वडगावची एक भाजीवाली आक्का टोपली उचलत म्हणते, “मी जातो बाई, उशीर झाला की.” छापून आलं, “मी जाते गं, उशीर झाला.” व्याकरण सुधारलं म्हणे! कोल्हापूर-बेळगावकडच्या बायका ‘येतो, जातो, करतो’च म्हणतात. माझी आई म्हणते, घरात मीही म्हणते. इथं ‘करते’ लिहितेय ती शाळेची सवय. चित्र माझंच होतं, आक्काच्या अंगावर वडगावच्या मागावरची साडी होती आणि तोंड मात्र सदाशिव पेठेतलं. तेव्हापासून स्वतः छापते. पैसे कमी, कटकट जास्त, पण फुग्यातल्या शब्दाला कोणी हात लावत नाही. मला स्वतंत्र राहण्यातलं एवढंच हवं आहे, बाकी मोठाले शब्द मला पेलत नाहीत.

फुगा म्हणजे पात्राच्या तोंडातून निघणारा मजकुराचा गोल. त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण मराठीत कॉमिक्स काढणारे नवे लोक इथंच मार खातात. इंग्रजी कॉमिक्समध्ये बहुतेक सगळी अक्षरं कॅपिटल, एकाच उंचीची, त्यामुळं ओळी एकमेकींना खेटून बसतात. आपल्याकडं शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार. वरच्या ओळीतला दीर्घ उकार खालच्या ओळीतल्या रफारात अडकला की वाचणारा ठेचकाळलाच. म्हणून ओळींत अंतर जास्त सोडावं लागतं, फुगा फुगतो आणि चित्राला जागा उरत नाही. शब्द कापण्यावाचून इलाज नाही. मी चौकटीत आधी पेन्सिलीनं मजकूर लिहिते, त्याच्याभोवती फुगा काढते आणि मग उरलेल्या जागेत माणसं बसवते. उलटं केलं तर फुगा कोणाच्या ना कोणाच्या कपाळावर येतो.

अक्षरं हातानंच काढते. ते आमच्या गल्लीतल्या पेंटरकाकांकडून उचललं. ते खडूनं वर-खाली दोन रेषा मारायचे, अक्षरं नुसती मांडून बघायचे, लांब जाऊन एक डोळा मिटायचे, आणि शिरोरेषा सगळ्यात शेवटी एका दमात ओढायचे. फ्लेक्स आल्यावर त्यांचं काम गेलं. त्यांचा दोन नंबरचा ब्रश माझ्याकडं आहे. अजून टोक धरतो.

मग कानडीचं काय करायचं? आमच्याकडं दोन वाक्यं मराठीत झाली की तिसरं कानडीत होतं. बसमध्ये कंडक्टर “मुंदक्क होग्री” म्हणून ओरडतो आणि मागून कोणीतरी म्हणतं, “कुठं सरकू, टपावर?” असं कानडी वाक्य मी फुग्यातही कन्नड लिपीतच ठेवते, खाली अर्थ देत नाही. इथल्या मराठी शाळांतली पोरंही कन्नड शिकतात, त्यांना वाचता येतं. पुण्याच्या वाचकाला येत नसेल तर त्या बसमध्ये चढल्यावरही त्याला ते कळलं नसतंच. मुखपृष्ठावर किंवा जिथं फाँट लागतोच तिथं मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या मंडळींचा ‘बालू’ वापरते. तो फुकट आहे, आणि देवनागरी व कन्नड दोन्ही लिप्यांत एकाच वळणाचा मिळतो, त्यामुळं एका पानावर दोन भाषा भांडल्यासारख्या दिसत नाहीत.

गावाच्या नावाचंही तसंच. 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी नाव बेळगावी, माझ्या पात्रांच्या तोंडी बेळगाव. पाटी रस्त्यावर जशी आहे तशी काढायची आणि बोलणं कानावर पडतं तसं लिहायचं. यावरून दोन्ही बाजूंचे लोक रागावतात. मी चहा घेते.

वाचन म्हणाल तर रद्दीच्या दुकानापासून सुरुवात. इंद्रजाल कॉमिक्स 1964 ते 1990 निघत होती, मराठीतही. वेताळाचे (म्हणजे फँटमचे) सुटे अंक किलोच्या भावात आणलेत, मुखपृष्ठं गेलेली, कोणाच्या तरी पेननं मिशा काढलेली. अमर चित्र कथा 1967 साली सुरू करणारे अनंत पै मूळचे कर्नाटकातल्या कार्कळचे; त्यांचं ऋण आहेच, पण त्यांच्या पुस्तकांत राजा आणि नावाडी एकाच शुद्ध भाषेत बोलतात हे मला लहानपणीही खटकायचं. तीन-चार चौकटींत विनोद कसा टाकावा हे शिकायचं तर 1991 साली सुरू झालेला ‘चिंटू’ समोर ठेवून त्याच्या चौकटी एकेक करून झाकून बघा. आणि फुग्याच्या बाबतीत माझे डोळे उघडले ते 2011च्या ‘भीमायन’नं. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी डॉ. आंबेडकरांची गोष्ट नेहमीच्या चौकोनी चौकटी न आखता सांगितली आहे. त्यात मायेचं बोलणं पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात येतं, आणि विखारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. कोण कसं बोलतंय हे वाचायच्या आधीच दिसतं.

दिवस कसा जातो? सकाळी पोटाचं काम, दुपारी जेवून झोप, चारनंतर माझं. पावसाळ्यात मात्र सगळं बदलतं. बेळगावचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. जुलै-ऑगस्टात कागद इतका सादळतो की शाईची रेघ मुंग्यांच्या पायांसारखी फुटते. म्हणून तेव्हा फक्त लिहिणं आणि पेन्सिल, शाई दसऱ्यानंतर. थंडीत राजहंसगडावर वही घेऊन जाते, तेवढाच व्यायाम.

छपाईचं ठोकळमानानं सांगते. ए4 कागद मधून दुमडला की ए5ची चार पानं होतात, म्हणून मधे पिन मारायच्या पुस्तकाची पानं चारच्या पटीतच ठरवा, नाहीतर शेवटी कोरी पानं उरतात आणि तिथं काहीतरी भरताना गोष्ट बिघडते. रेघा 600 डीपीआयवर, म्हणजे इंचाला 600 ठिपके धरून, स्कॅन करा. चारी कडांना तीन मिलिमीटर चित्र जादा सोडा, कापणारा दादा घाईत असतो. दोन-तीनशे प्रतींपर्यंत डिजिटल छपाई परवडते. हजाराच्या घरात गेलात तरच ऑफसेट छपाईच्या प्लेटांचा खर्च वसूल होतो. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, सरकारच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून फुकट मिळतो, लेखक स्वतः अर्ज करू शकतो, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका.

विक्रीसाठी बंगळूरच्या मोठ्या कॉमिक मेळ्यात टेबल घेऊन बघितलं. मुखवटे घालून आलेली मुलं फोटो काढून पुढं गेली. त्यापेक्षा आपली गावोगावची मराठी साहित्य संमेलनं बघा: कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा. सकाळी ग्रंथदिंडी, मग भाषणं, आणि मांडवाच्या कडेला पुस्तकांची टेबलं. तिथं माझं खरं गिऱ्हाईक आहे. उचगावात एक म्हातारे आजोबा टेबलापाशी उभ्या-उभ्या अख्खं पुस्तक वाचून गेले, पैसे दिले नाहीत. जेवणानंतर नातवाला घेऊन परत आले, त्याला भाजीवालीचं पान मोठ्यानं वाचून दाखवलं, आवाज काढून, आणि मग दोन प्रती घेतल्या. एक सांगलीला दिलेल्या लेकीसाठी. भाषणांना बोलावलेल्या मोठ्या पाहुण्यांनी मात्र ‘लहान मुलांचं आहे का’ विचारून खाली ठेवलं. चालायचंच.

आता तुमच्या नोकरीबद्दल. सोडू नका, आणि निपाणी तर मुळीच सोडू नका. 1981च्या मार्च-एप्रिलात तुमच्याच गावात तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले होते, शेवटी गोळीबार झाला, माणसं गेली. तेव्हा रस्त्यावर भाकऱ्या भाजलेल्या बायका आज सत्तरी-ऐंशीत आहेत. मी त्यावर पुस्तक काढायला घेतलंय, पण वखारीत तंबाखू निवडणाऱ्या बायका नेमक्या कशा बसतात, उजेड कुठून येतो, तोंडाला पदर कसा बांधतात, हे बेळगावात बसून मला काढता येत नाही. तुमच्या ओळखीत आत सोडणारं कोणी असेल तर कळवा, मी रविवारी वही घेऊन येतो. आणि ते पुस्तक तुम्हालाच काढायचं असेल तर तसंही सांगा. माझी टिपणं तुम्हाला देऊन टाकते.