पावसाची आशा की पावसाची संधी?

स्पॅनिश शिकणाऱ्या, सोलापूरच्याच एका भगिनीने विचारले आहे की ‘यंदा चांगला पाऊस होण्याचा चान्स आहे’ हे वाक्य स्पॅनिशमध्ये नेताना एस्पेरान्सा, एक्स्पेक्तातीबा, पोसिबिलिदाद आणि ओपोर्तुनिदाद यांपैकी कोणता शब्द घ्यावा. त्यांनी ओपोर्तुनिदाद घेतला होता आणि शिक्षकांनी तो खोडला.

खोडला ते योग्यच झाले. मात्र दोष स्पॅनिशच्या अभ्यासात नसून मूळ वाक्यात शिरलेल्या ‘चान्स’मध्ये आहे. इंग्रजीत हा शब्द पावसालाही चालतो आणि परदेशी जाण्यालाही, पण मराठीत पावसाची शक्यता असते आणि परदेशी जाण्याची संधी. मृग कोरडा गेला म्हणून आकाशाकडे डोळे लावून बसलेला आपल्या जिल्ह्यातला शेतकरीसुद्धा ‘पावसाची संधी आहे’ असे कधी म्हणणार नाही. स्पॅनिशनेही नेमकी हीच वाटणी केली आहे: शक्यतेला पोसिबिलिदाद, संधीला ओपोर्तुनिदाद. हवामानाच्या अंदाजात शक्यता टक्क्यांत सांगायची असेल तेव्हा प्रोबाबिलिदाद येतो. ओपोर्तुनिदादच्या मुळाशी असलेले लॅटिन विशेषण बंदराच्या दिशेने नेणाऱ्या अनुकूल वाऱ्यावरून आले आहे. वारा मिळाला तरी शीड उभारावे लागते, तसे या शब्दाला काहीतरी करू शकणारा माणूस लागतो, आणि पावसाच्या वाक्यात तो नसतो.

खरी कसोटी एस्पेरान्सा आणि एक्स्पेक्तातीबा यांच्यात लागते. एस्पेरार हे एकच क्रियापद वाट पाहणे, आशा करणे आणि अपेक्षा करणे अशी तिन्ही कामे करते, परंतु नामे मात्र वेगळी निघतात: वाट पाहण्याला एस्पेरा, आशेला एस्पेरान्सा आणि अपेक्षेला एक्स्पेक्तातीबा. यातले शेवटचे नाम एस्पेरारचे नव्हेच. ते ‘बाहेर पाहत राहणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदाच्या घराण्यातले आहे. आपल्या ‘अपेक्षा’ शब्दातही ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे हाच धातू आहे, आणि आपण वाटसुद्धा ‘पाहतो’च, हे मला फार सुंदर वाटते. त्यामुळे मराठी माणसाला हा भेद मुद्दाम पाठ करावा लागू नये: मनाची ओढ असेल तेथे एस्पेरान्सा, आणि काही आधारावर बांधलेला अंदाज किंवा दुसऱ्याकडून धरलेली अपेक्षा असेल तेथे एक्स्पेक्तातीबा, जो बहुधा अनेकवचनात येतो.

येथे एक अपवाद मात्र लक्षात ठेवावाच लागतो. लोकसंख्याशास्त्रात आपण ज्याला अपेक्षित आयुर्मान म्हणतो, त्याला स्पॅनिशमध्ये ‘एस्पेरान्सा दे बीदा’, म्हणजे शब्दशः ‘आयुष्याची आशा’, असे म्हणतात. संख्याशास्त्रातले अपेक्षित मूल्यही तेथे ‘एस्पेरान्सा मातेमातिका’ आहे. जेथे भावनेचा लवलेशही नाही अशा कोरड्या आकड्यांना स्पॅनिशने आशा म्हणावे आणि आपण अपेक्षित म्हणावे, ही गंमत आहे. रूढीपुढे व्याकरणाचे काही चालत नाही.

‘चान्स’चाच भाऊ शोभेल असा ‘चान्से’ लॅटिन अमेरिकेत बोलताना सर्रास ऐकू येतो, पण त्याच्या लिंगाचाही एक मेळ नाही: मेक्सिकोत तो पुल्लिंगी, तर अर्जेंटिनात स्त्रीलिंगी. परीक्षेत तो टाळलेलाच बरा.

आता आपले वाक्य. केवळ शक्यता सांगायची असल्यास ‘आय पोसिबिलिदाद दे के युएबा’, आणि पाऊस यावा अशी मनापासून इच्छा असल्यास ‘तेंगो ला एस्पेरान्सा दे के युएबा’. दोन्हींत शेवटचे क्रियापद साध्या भविष्यकाळात न ठेवता आपल्या ‘यावा’सारख्या रूपात ठेवावे लागते, आणि मला वाटते की शिक्षकांची लाल रेघ पुढच्या वेळी नामाखाली नव्हे, तर तेथे उमटण्याचा संभव अधिक आहे.