शत्रूकडून हाती लागलेल्या तोफांना सैन्य नवी नावं कशाला देतं? शेखी मिरवायला?

शेखीसाठी नाही, गोळे मागवण्यासाठी. तोफ कुणाचीही असो, तिला कोणता दारूगोळा लागतो हे मागे कोठारावर बसलेल्या माणसाला कागदावरच्या एका ओळीत कळलं पाहिजे. नाहीतर आघाडीवर गोळे येतात, पण ते नळीत बसत नाहीत.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी याची पद्धतच बसवली होती. आधी नळीचा व्यास, मग तोफेचा प्रकार, मग एक आकडा आणि शेवटी कंसात मूळ देशाचं अक्षर: रशियाला 'आर', फ्रान्सला 'एफ', पोलंडला 'पी'. फ्रान्सची १८९७ सालची ७५ मिलिमीटरची तोफ पोलंडच्या सैन्यातही होती. त्यामुळे, व्यास सोडला तर, १९३९ मध्ये पोलंडमध्ये मिळाली ती झाली 'एफके ९७(पी)' ('एफके' म्हणजे मैदानी तोफ) आणि पुढच्या वर्षी फ्रान्समध्ये मिळाली ती 'एफके २३१(एफ)'. एकाच तोफेचं दोनदा बारसं! इथे मात्र कारकुनी जरा अतीच झाली, असं मला वाटतं.

माझं आवडतं उदाहरण म्हणजे रशियाची १९३६ सालची एफ-२२. वसीली ग्राबिनने ती आखली तेव्हा मोठ्या, दमदार काडतुसाचा विचार केला होता. पण लाल सेनेकडे जुन्या काडतुसांचे ढीग पडून होते, तीच चालली पाहिजेत असा हट्ट झाला. तोफ मजबूत, खुराक मात्र जुनाच. १९४१ मध्ये या तोफा जर्मनांच्या हाती शेकड्यांनी लागल्या. सुरुवातीला 'एफके २९६(आर)' नावाने त्या मैदानी तोफा म्हणूनच वापरल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की नळीत अजून बराच दम आहे. काडतूस बसते ती मागची पोकळी कोरून मोठी केली. काडतुसाची लांबी ३८५ मिलिमीटरवरून ७१५ वर गेली. नळी वर-खाली करायचं चाक उजवीकडे होतं, ते डावीकडे आणलं, म्हणजे नेम धरणाऱ्या एकाच गोलंदाजाला हे आणि नळी डावी-उजवीकडे वळवायचं अशी दोन्ही चाकं फिरवता येतील. काडतूस बदललं, तसं नावही बदललं: 'पाक ३६(आर)'. 'पाक' म्हणजे रणगाडाविरोधी तोफ. हीच तोफ चेक रणगाड्याच्या सांगाड्यावर चढवून 'मार्डर ३' तयार झाला आणि तो रशियन रणगाड्यांवरच सोडला.

रशियाच्या ८५ मिलिमीटरच्या विमानविरोधी तोफेचं तर त्यांनी आणखी सोपं केलं. नळी कोरून ८८ ची केली, की आपलेच गोळे चालतात.

शेखीच बघायची असेल तर विजापूरची मलिक-ए-मैदान बघा. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली ही तोफ पुढे आदिलशाहीकडे गेली. १६८६ मध्ये विजापूर पडल्यावर औरंगजेबाने तिच्यावर आपल्या विजयाचा लेख कोरून घेतला. नाव मात्र तेच राहिलं.

आणि कधीकधी हा नावांचा खेळ गमतीदार वळण घेतो. ६ जून १९४४ ला फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर पॉइंट द्यू ऑकचा कडा चढून गेलेल्या अमेरिकी रेंजर्सना, म्हणजे खास तुकडीच्या सैनिकांना, तिथल्या जर्मन तोफा जागेवर सापडल्याच नाहीत. थोड्या आत, झाडीत दडवलेल्या मिळाल्या आणि त्यांनी त्या थर्माइटने, म्हणजे लोखंड वितळवणाऱ्या जळत्या मिश्रणाने, निकामी केल्या. जर्मन दप्तरी त्या 'के ४१८(एफ)' ('के' म्हणजे तोफ), म्हणजे पहिल्या महायुद्धातल्या १५५ मिलिमीटरच्या फ्रेंच तोफा. त्याच फ्रेंच आराखड्यावरून अमेरिकेनेही तोफा बनवल्या होत्या; त्यांच्या दप्तरी तिचं नाव 'एम १९१८'.